चालणं सुरू करण्याचा वार

सवय बदलायला माणसाला प्रेरणा लागते, आणि प्रेरणा मिळाली की ती अमलात आणायला वार लागतो. प्रेरणेवर जगात विपुल संशोधन झालं आहे. वाराकडे मात्र अक्षम्य दुर्लक्ष झालं. ही उणीव दुबईच्या देरा भागात राहणाऱ्या वासुदेव पेडणेकरांनी भरून काढली.

वासुदेव अल क्वोजमधल्या पाइपांच्या गोदामाचे प्रमुख होते. १९९७च्या जानेवारीत त्यांची उपाशीपोटीची साखर दोनशे अडुसष्ट निघाली. डॉक्टर शहनाझनी दोनच गोष्टी सांगितल्या : रोज चाळीस मिनिटं चालायचं आणि दिवसाचे सहा गोड चहा बंद. नाहीतर आधी पायांची जाणीव जाईल, मग पाय.

"इन्शाल्ला," वासुदेव म्हणाले.

"इन्शाल्ला नहीं, कल से," डॉक्टर म्हणाल्या.

वासुदेवांची बायको कावेरी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिने फ्रिजवर तक्ता लावला : तारीख, चाललेली मिनिटं, प्यायलेले चहा. तिसरा रकाना नियमित भरू लागला.

प्रश्न इच्छाशक्तीचा नव्हताच. भारतात सवयी सोमवारी बदलतात, कारण तिथे आठवडा सोमवारी सुरू होतो. इथे सुट्टी शुक्रवारी, आणि आठवड्याची सुरुवात शनिवारी. शनिवारी नवं काही सुरू करायचं नाही, हे पेडणेकरांकडे चार पिढ्यांपासून ठरलेलं. रविवारी करावं तर आठवडा एका दिवसाने उष्टा झालेला. सोमवार ते बुधवार म्हणजे अधेमधे, आणि अधेमधे सुरू केलेलं टिकत नाही असा त्यांचा अनुभव होता (घेतलेला नव्हता, पण होता). गुरुवार चांगला, मात्र दुसऱ्याच दिवशी सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी शिस्त म्हणजे शरीरावर अन्याय. शिवाय रमझान, जून ते सप्टेंबरचा उकाडा आणि गावी जाण्याआधीचे दोन महिने वगळावे लागत. उरलेल्या काळात ते अगदी तयार असत.

"बाबा, जस्ट वॉक ना!" नववीतली मिहिका म्हणायची.

"जस्ट असं काही नसतं, बेटा. मोटिव्हेशन लागतं."

ते मात्र त्यांनी मनापासून जमवलं. व्याख्यानांच्या तीन कॅसेट, चालण्याच्या बुटांचे दोन जोड, कडा चढणाऱ्या माणसाचं एक पोस्टर. कॅसेट ते गाडीत ऐकत, चहा घेत घेत. घरी पोचेपर्यंत एवढी प्रेरणा साठायची की थकून आडवं व्हावं लागे.

दीड वर्षाने, जुलैमध्ये, गुरुपौर्णिमा नेमकी गुरुवारी आली. असा योग पाहून वासुदेवांनी उकाड्याचं कलम एका दिवसापुरतं शिथिल केलं. ठरलं असं : गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस, तेव्हा दुपारी बारा वाजता होडीने खाडी ओलांडायची, आणि धक्क्यापासून बर दुबईच्या देवळापर्यंत अनवाणी जाऊन चालण्याचा शुभारंभ करायचा.

"यल्ला, चला वासुभाऊ!" म्हणत शेजारच्या दत्तारामनेही चपला काढल्या, आणि चौथ्या पावलाला ओरडत पुन्हा घातल्या. वासुदेव मात्र संथ चालत राहिले. लोक थांबून बघायला लागले.

"वहिनी, याला म्हणतात श्रद्धा!" दत्ताराम सोबत आलेल्या कावेरीला म्हणाला.

कावेरीने वाकून फरशीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"अहो, चटके बसत नाहीयेत तुम्हाला?"

"मन एकाग्र असलं की काही होत नाही."

तिला कळलं की हे मनाचं काम नव्हे. "चपला घाला आधी. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला."

"एका फोडासाठी? लोक हसतील."

शुक्रवारी दवाखाना बंद होता. शनिवारी उपचारांची सुरुवात करायची नव्हती. रविवारी कावेरीने हात जोडले, रागावली, रडली. वासुदेवांनी तिला एक कॅसेट ऐकायला दिली. सोमवारी उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टर शहनाझनी फक्त कधी भाजलं ते विचारलं. कावेरीने मधले वार काही सांगितले नाहीत.

अंगठा काढला. भेटायला अकरा जण आले, त्यातले सात मिठाई घेऊन. वासुदेवांच्या पायाकडे बघून सगळेच हेलावले.

"वासुभाऊ, डोळे उघडले तुम्ही माझे," पेढा खात दत्ताराम म्हणाला. "खलास! आता मीपण चालणार."

"कधीपासून, भाऊजी?" कावेरीने विचारलं.

"गावाहून आलो की लगेच, वहिनी."

दोन महिन्यांनी कावेरीने सगळ्यांकडे चौकशी केली. पाहणीतले नमुने अकरा; प्रेरणा मिळालेले अकरा; चालू लागलेले शून्य. वासुदेवांना तर डॉक्टरांनी सहा आठवडे चालायला सक्त मनाई केली होती. ही सूचना त्यांनी त्याच दिवसापासून, वार न बघता, काटेकोरपणे पाळली.

हे वाचून आपल्यालाही आतून काहीतरी हललं असेल तर उत्तम. आणि प्रेरणा अजून थोडी कमी पडत असेल, तर सावकाश होऊ द्या, घाई नाही. वासुदेवांच्या पायांना अजून नऊ बोटं आहेत.