बिनकपाटाचं घर

जपानमधल्या आमच्या कानाझावात घर बांधणारे शेकड्यानं सापडतील. रिकामी जागा बांधणारा मी एकटाच! भिंती कुणीही उभ्या करतो. जमिनीवर आठ चटया मावतील एवढी खोली, एक खिडकी, खिडकीत मेपलची एक फांदी. बस्स. स्वतःचं घरही मी असंच बांधलं. त्यात एकसुद्धा कपाट नाही.

"मग सकाळी गाद्या गुंडाळून ठेवायच्या कुठे?" माझ्या बायकोनं, चिझुरूनं, विचारलं.

"गादी ही एक वृत्ती आहे," मी म्हणालो.

"बरं. मग आज वृत्तीवरच झोपा."

फेब्रुवारीत कळलं, की साधेपणाच्या वास्तुपुरस्काराचे परीक्षक, प्राध्यापक इगाराशी, घर बघायला येणार. मी सगळं सामान स्टेशनमागच्या भाड्याच्या गोदामखोलीत हलवलं. गाद्या, भाताचा कुकर, खाली शेगडी असलेलं बुटकं टेबल, चिझुरूच्या लहानपणच्या बाहुल्या. आणि कोपऱ्यातलं पूर्वजांचं काळं देवघर. त्यात दिवंगत सासऱ्यांची तसबीर होती. दारातून बघितलं, की ते मध्येच फांदीच्या रेषेत येत होते.

"बाबांना गोदामात ठेवलंत?" चिझुरूनं विचारलं. अगदी शांतपणे. मला वाटलं, पटलं तिला.

रोजचा पहिला वाफाळता भात बाबांपुढे ठेवायचा, हा तिचा नेम. घरून न्यायचा तर कुकर तिकडे. म्हणून ती तिकडेच शिजवू लागली. शिजवलाच आहे म्हणून तिथेच जेवू लागली. सासूबाई नवऱ्याच्या तसबिरीला भेटायला येऊ लागल्या. त्यांना थंडी सोसत नाही, म्हणून शेगडीचं टेबल मांडलं गेलं. शेजारच्या खोलीत मासेमारीचे गळ ठेवणारे निवृत्त मास्तर चहाला टपकू लागले. गाद्या तर तिथेच होत्या. आठवड्याभरात गोदामाच्या दारावर आमच्या नावाची पाटी लागली. ती आमच्याच घराची काढून नेलेली होती. मला बरंच वाटलं. दर्शनी भिंत स्वच्छ झाली.

इगाराशी आले. तासभर फांदीकडे बघत बसले. मग डोळे टिपत म्हणाले, "इथून कुणीतरी कायमचं निघून गेलंय, असं भिंतीसुद्धा सांगतात. कसं साधलंत हे?"

"सामान कमी केलं," मी म्हणालो.

पुरस्कार मला मिळाला. प्रमाणपत्र घेऊन मी धावतच गोदाम गाठलं. दार सरकवलं, तर चिझुरू, सासूबाई, मास्तर, बाहुल्या आणि सासरे दाटीवाटीनं टेबलाभोवती. कशावर तरी हसत होते. मला बघून थांबले.

"चिझुरू, पहिला नंबर आला. आता घरी चल."

"कशाला? मी आले की बिघडेल ना ते."

"मग मी आत येऊन बसतो."

सासूबाईंनी भात चिवडत चारी बाजूंना नजर फिरवली. "जावईबापू, इथे जागा कुठाय? ते प्रमाणपत्र तेवढं द्या. टेबलाचा एक पाय आखूड आहे."

दिलं.

हल्ली घरी मी एकटाच असतो. घर अप्रतिम आहे. फक्त कुठेही बसलो, तरी फांदीच्या रेषेत येतो.