झिंग्यांवर सांबार

'फोडणी दुपारची' हा टीव्हीवरचा कार्यक्रम कुंताच्या लग्नाआधीपासून चालू होता. आता तिची मुलगी लग्नाला आली, तेव्हा तो एकदाचा बंद पडत होता. एवढ्या वर्षांत त्यातल्या बाईंनी पडवळापासून पास्त्यापर्यंत सगळं शिजवलं आणि प्रत्येक घासाला डोळे मिटून मान डोलावली. शेवटच्या भागात मात्र त्यांना खेड्यापाड्यांची आठवण झाली. पाककृती मागवल्या गेल्या, आणि ब्रह्मपुरीकडच्या तळ्याकाठच्या गावातून कुंताची झिंगे-वांग्याची भाजी निवडली गेली.

कुंताला बक्षीस नको होतं. गावातल्या बाया तिच्या हातची भाजी मिटक्या मारत खात आणि वर "झिंगे ताजे व्हते" म्हणून सगळं श्रेय तिच्या नवऱ्याच्या, इस्तारीच्या जाळ्याला देत. एकदा तरी भाजीला आपलं नाव लागावं, एवढाच तिचा हट्ट होता.

मुंबईहून एका मुलीचा फोन आला. कुंतानं सगळी कृती सांगितली.

"अन् शेवटी वरून सांबार टाकाचा."

"सांबार? झिंग्यांवर?"

"मंग? त्याच्याबिगर चवच येत नाई."

"साधारण किती?"

"हात आखडाचा नाई बाई. भाजी झाकली पायजे."

"किती वेगळं आहे हो हे," मुलगी भारावून म्हणाली.

शेवटच्या भागाच्या दुपारी कुंतानं टीव्ही अंगणात मांडला. बचत गटाच्या अध्यक्ष शकुबाई पुढच्या खुर्चीत बसल्या. टीव्हीवर कुंताचं नाव निघालं तशी तिची मान ताठ झाली. भाजी शिजली. मग बाईंनी मोठा डाव उचलला आणि शेवग्याच्या शेंगांसकट, भोपळ्याच्या फोडींसकट, इडलीबरोबर खातात ते वाफाळतं सांबार झिंग्यांवर ओतलं. एक डाव, दुसरा डाव, भाजी पार बुडेपर्यंत.

आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मुंबईतल्या त्या शहाण्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि विचारून घ्यावं असंही कुणाला वाटलं नव्हतं. बाईंनी डोळे मिटले. "हीच आपल्या मातीची अस्सल चव," म्हणाल्या आणि डोळे पुसत महाराष्ट्राचा निरोप घेऊन मोकळ्या झाल्या.

"म्या सांबार सांगतला, अन् तिनं सांबार टाकला," कुंता रडकुंडीला आली.

"मंग बरोबरच तं टाकला," इस्तारी म्हणाला आणि जाळं घेऊन तळ्याकडे सटकला.

कुंतानं मुंबईला फोन लावला. मुलगी म्हणाली, "ताई, कार्यक्रमच संपला. आता दुरुस्ती कुठे दाखवणार? आणि बाईंना तर फार आवडलं."

मग कुंता घरोघर सांगत फिरली. बायांनी ऐकून घेतलं आणि एकमेकींना कोपर मारलं. एवढी वर्षं हिनं खरी कृती लपवून ठेवली, टीव्हीवाल्यांनी ती उघडी पाडली, म्हणून आता सारवासारव करते आहे, असं गावाचं मत पडलं.

पुढच्या महिन्यात बचत गटाचं जेवण होतं. शकुबाईंनी स्वतः रांधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज कुंताबाईची भाजी हाये." पंगतीत कुंताच्या नावाचा गजर झाला. ज्यासाठी जीव टाकला ते समोर वाढलेलं होतं, आणि त्यात शेवग्याच्या शेंगा तरंगत होत्या. तिला राहवलं नाही. घरून पळत जाऊन तिनं हिरवीगार कोथिंबीर आणली आणि पातेल्यावर भुरभुरायला हात उचलला.

शकुबाईंनी तो वरच्या वर धरला.

"टीव्हीत हे टाकलन का? कुंते, भाजी तुह्या नावाची हाये हे खरं हाय. पण येत नसन तं कोणाले इचारून घेत जाय."