झेड-चार-एफचा वारा

पाहुणे यायला तासभर उरला आणि कूलरची मोटर जळाली. मे महिन्यात नागपुरात पाहुण्यांना उकाड्यात बसवणं म्हणजे आपणच नकार मागून घेणं. त्यात लेकीला, दीक्षाला, मोहित मनापासून आवडला होता, आणि त्याच्या वडिलांची, वासनिकसाहेबांची, अट एकच: घर शांत पाहिजे.

"मिस्त्रीले फोन करा," सिंधूताई नवऱ्याला म्हणाल्या.

"काहून? घरात माल पडला असताना?" रविंद्र गजभियेंनी पलंगाखालून हिरवी पेटी ओढली. मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतलेली ही पेटी त्यांनी कधी उघडली नव्हती. सारी नोकरी लष्करी भांडारात झालेली, आणि तिथला धर्मच असा, की माल उघडून पाहतो तो अनाडी, कोड वाचतो तो स्टोअरकीपर.

त्यांनी चष्मा पुसून पेटीवरचा कोड वाचला. "झेड म्हंजे बिजलीचा माल. चार म्हंजे गोल फिरणारा. एफ म्हंजे हवा फेकणारा. पंखाच झाला ना वं!"

"पुढचं अक्षर गंजलं आहे, बाबा," दीक्षा म्हणाली.

"ते रंगाचं असते."

"एकदा चालवून तर पाहा."

"कोडाच्या मालाची ट्रायल घेत नसतात, पोरी!"

आतून निघालेलं यंत्र पंख्यासारखं होतंही, फक्त पाती जाड आणि डब्यात कोंडलेली. रविंद्ररावांनी ते कूलरमध्ये बसवलं.

वासनिकसाहेब आले. हयात खापरखेड्याच्या वीज केंद्रात टरबाईनशेजारी गेलेली, त्यामुळे बोलणं खणखणीत. ते नेमके कूलरसमोर बसले. रविंद्ररावांनी बटण दाबलं.

आधी बारीक घूं झालं. मग ते असं चढत गेलं, की पोह्यांच्या बशा थरथरल्या आणि शेजारच्या तुळसाबाई "पळा गा, हल्ला झाला!" म्हणत गल्लीत धावल्या. भोंगा! रविंद्रराव चक्रावून उभेच. बिजलीचा, फिरणारा, हवा फेकणारा. कोड तर कुठेच चुकला नव्हता! शेवटी सिंधूताईंनी मेन स्विच पाडला.

सगळं चिडीचूप झालं. जुळत आलेलं मोडलं, म्हणून दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं.

वासनिकसाहेबांनी पोह्यांचा घास गिळला. "बंद काहून केला? मस्त हवा येऊन राहिली होती! आमच्या कूलरच्या आवाजानं घरचे रोज बोंबलतात. तुमचा तर बावा, एकदम बिनआवाजी! असंच शांत घर पाहून राहिलो होतो मी. सोयरीक पक्की! अन् लावा ना तो परत, गरमी होऊन राहिली."

"टरबाईननं कान खाल्ले वं यांचे!" रविंद्रराव सिंधूताईंना म्हणाले.

दीक्षाने डोळे पुसले, कानांत कापूस घातला आणि स्वतः जाऊन मेन स्विच वर केला.