गुंडूअण्णांचा लांबलेला आश्विन

माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. तरीही आमच्या सप्तापूर भागातल्या भाजीवाल्यासमोर, चार बायकांच्या देखत, गुंडूअण्णा मला विचारतात, "काय गं, गुडघा काय म्हणतो? थंडी पडायलीय, जपून." भाजीवाला हळहळतो आणि पिशवीत एक लिंबू जास्त टाकतो. आता त्याला कसं सांगू, की हा गुडघा माझा नव्हेच, वीरसेनाचा. आणि वीरसेन नावाचा माणूस जगात कुठेही नाही.

म्हणजे आहे, पण फक्त रविवारी दुपारी, गुंडूअण्णांच्या जेवणाच्या टेबलावर. अण्णा आमचे शेजारी, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा पुतण्या परदेशी नोकरीला जाताना एका खेळाचं खोकं मागे ठेवून गेला. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि कुठे अडलं की फासा टाकायचा. राक्षस, किल्ले, खजिने, सगळं त्यात. अण्णांनी नियमांचं जाडजूड पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचलं आणि निकाल दिला, "सगळं आहे हो ह्यात, काळ तेवढा नाही. ही माणसं नुसती लढतात. म्हातारी कधी होतात?"

झालं! तेव्हापासून गोष्ट अण्णा सांगायला लागले आणि आम्ही म्हातारे व्हायला लागलो.

इतर ठिकाणी हे खेळणारे लोक म्हणे एका वाक्यात डोंगर ओलांडतात. आमच्याकडे आधी बैल जुंपावे लागतात. बैलांना पाणी पाजावं लागतं. पावसाळ्यात घाट बंद. "अहो अण्णा, राजकन्येला सोडवायचंय!" मी ओरडते. "सुटेल की. आधी नदी उतरू दे." ती नदी उतरेपर्यंत आम्ही अलीकडच्या काठावर चातुर्मास केला. शेवटी पोचलो तेव्हा राजकन्येला दोन मुलं झाली होती आणि राक्षसाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. ह्याच मोहिमेत माझा वीरसेन पंचेचाळिशीला आला आणि त्याचा गुडघा गेला.

पण गुडघ्यावर भागलं तर नशीब. साठी ओलांडलेल्या पात्रासाठी अण्णांचा वेगळा कायदा आहे. दर वाढदिवसाला फासा टाकायचा, एक पडला की पात्र खलास. आमच्यात पाटील वकील आहेत, त्यांचा सेनापती असा ऐन वेढ्यात गेला. वकील हमरीतुमरीवर आले. युद्ध चालू आहे, पुढची तारीख द्या म्हणाले. अण्णा ढिम्म. "ते तुमच्या कोर्टात, वकीलसाहेब. इथं तारीख कुणी देत नाही, ती आपली येते." वकील दोन रविवार फिरकले नाहीत. मग आले ते नवा सेनापती घेऊन, वय वर्षं अठरा.

चौथ्या खेळाडू गंगाअक्का, अण्णांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अण्णांना वाढवलं अक्कांनीच, आणि ते काम संपलं असं त्यांना अजून वाटत नाही. आम्ही सगळ्यांनी भारदस्त नावं घेतली, अक्कांनी घेतलं 'कमळी'. आणि पहिल्या दिवसापासून म्हातारी! "अय्य, तरुण कशाला? तरुणपणीच कंटाळा आला होता मला त्याचा." कमळी धनुष्य चालवते, शत्रूला कन्नडमधून झोडपते आणि कुणाचं ऐकत नाही. तिची लढाई चालू असताना अक्कांच्या हातात सोलायच्या शेंगांचं सूप असतं. "गुंड्या, ह्या राक्षसाला लवकर आडवा कर बघू. मला कुकर लावायचाय."

ह्या वर्षी अक्का हुबळीच्या दवाखान्यात राहून आल्या. हृदयाचं दुखणं. आल्या त्या निम्म्या होऊन. डॉक्टर काय म्हणाले ते अण्णांनी कुणाला सांगितलं नाही. आम्ही म्हटलं, खेळ राहू दे. अक्का ऐकतील तर ना! उशा लावून टेबलाशी बसल्या. खेळात भाद्रपद सरत आला होता आणि कमळीचा वाढदिवस दिवाळीच्या पाडव्याला. म्हणजे फासा. सगळ्यांना ते माहीत होतं आणि सगळे शेंगा सोलत होते.

अण्णांनी घसा खाकरला. "आजपासून अधिक आश्विन."

बरं. येतो मध्येच धोंड्याचा महिना, आला. आम्ही किल्ल्यात बसून गावच्या जावयांना अनारसे वाढले. पुढच्या रविवारी अण्णा म्हणाले, "अधिक आश्विन."

"अहो, तो झाला की मागच्या रविवारी!" वकील म्हणाले.

"हा दुसरा."

त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. बैलांचा विसावा न सोडणारा हा माणूस दिवाळीच्या अलीकडेच घुटमळत राहिला, आणि अक्कांकडे बघेना. वकिलांनी, कधी नव्हे ते, हरकत घ्यायची सोडून शेंगा सोलायला घेतल्या.

बोलल्या त्या अक्काच. "गुंड्या, हे कुठलं रे पंचांग?"

"ह्या राज्यातलं."

"तुझ्या राज्यात नवरात्र नाही, दिवाळी नाही. अनारसे खाऊन खाऊन तोंड आलं कमळीचं. किती दिवस अशी टांगून ठेवणार आहेस तिला?"

अण्णा खाली मान घालून टेबलावरची टरफलं गोळा करायला लागले.

"जायचं तर दिवाळी करून जाईल की ती. बिनदिवाळीचं नुसतं राहून काय करू मी?"

अण्णांनी तेव्हा कुठे मान वर केली. आणि मग त्यांनी दिवाळी सांगितली. ना बैल, ना अंतर, ना घाट. कमळीला पहाटे तेल लावलं, उटणं लावलं. बुरजाबुरजावर पणत्या ठेवल्या. राक्षससुद्धा पोराबाळांसकट फराळाला आले. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. "चिरोटे सांगितले नाहीस," मध्येच म्हणाल्या. "आहेत की, अक्का. डबा भरून आहेत."

मग पाडवा आला. अण्णांनी फासा मुठीत धरला आणि मूठ काही उघडेना. अक्कांनी त्यांचं एकेक बोट सोडवलं, फासा काढून घेतला आणि टाकला.

चार.

वकिलांनी टेबलावर असा हात आपटला की शेंगा उडाल्या. अक्का खुदखुदत होत्या. अण्णा उठले, "चहा ठेवतो," म्हणून आत गेले, ते येईचनात.

"जा गं, बघ जरा," अक्का म्हणाल्या. "लहानपणापासनं असाच आहे. रडायला आत जातो."

मी गेले. अण्णा ओट्यापाशी पाठमोरे उभे होते. समोर दुधाचं पातेलं, खाली गॅस पेटवलेलाच नव्हता.

"दूध तापायला वेळ लागायलाय," मागे न बघता ते म्हणाले.

"लागू दे की, अण्णा," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.