नग एक, अधिक-उणे दोन

नाशिकची अनुपमा बुलढाण्याच्या एका पॉलिटेक्निकात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते, पण लग्न होऊन देऊळघाटला आल्यापासून पाच महिने झाले, सगळी आळी तिला चित्रकलेची बाईच समजते. शेजारच्या छकुलीनं तर वही आणून मोर काढून मागितला. अनुपमानं काढून दिला. मोर बदकावर गेला. सासूबाई अन्नपूर्णाबाईंनी तो नीट पाहिला आणि नुसतं "बरं" म्हणाल्या. ते "बरं" अनुपमाच्या असं काही जिव्हारी लागलं म्हणता!

म्हणून सासूबाईंना तांब्याच्या दोन घागरी ठेवायला लोखंडी घडवंची हवी झाली, तेव्हा अनुपमानं संधी सोडली नाही. घडवंची रविवारच्या आत पाहिजे होती, कारण वरवट बकालहून त्यांची थोरली बहीण रुक्मिणीबाई नवी सून बघायला येणार होती. अनुपमानं दोन दुपारी खपून ड्रॉइंग केलं. समोरून कशी दिसेल, वरून कशी, बाजूनं कशी, अशी तीन दृश्यं. प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये. खाली चौकटीत "नग १", आणि जागाच उरली नाही म्हणून त्याला चिकटूनच "± २", म्हणजे मापात दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चालेल. नवरा हरिओम वांगी घेऊन बाजाराला निघाला होता, त्याच्या हातात कागद दिला. जीवन वेल्डरला काय सांगू, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, काही सांगायचं नाही, चांगलं ड्रॉइंग स्वतःच बोलतं.

आता ते जीवनशी काय बोललं, ते रविवारी सकाळी कळलं. हरिओम मावशीला आणायला स्टँडवर गेलेला, आणि इकडे दारात जीवनची ॲपे थांबली. तिच्यातून तीन वस्तू उतरल्या. पहिली दोन पायांची, शिडीसारखी सपाट, भिंतीला टेकवल्याशिवाय उभीच राहीना. दुसरीला पायच नाहीत, नुसती चौकट आणि तिच्यात दोन गोल कडी. तिसरी पहिलीसारखीच, पण रुंदीला निम्मी.

"जीवनभाऊ, हे काय आहे?"

"घडवंच्या. तुमी काढल्या तशाच. सुताचा फरक नाई, वहिनी."

"पण तीन कशाला?"

जीवननं खिशातून कागद काढला. "हे पाहा. नग एक, अधिक-उणे दोन. आता एकातून दोन उणे केले तं उणे एक घडवंची येते. ते मले बनवता येत नाई. म्हून अधिक केले. अन् वर चित्रं बी तीनच हायेत, तं ताळा जमला."

"अन् हिले पाय काऊन नाईत?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"काकू, सुनेनं काढलेच नाईत. म्या म्हटलं कॉलेजच्या मॅडम हायेत, नवीन फॅशन असंल."

अनुपमानं कसंबसं समजावलं की ही एकच वस्तू आहे, तीन बाजूंनी पाहिलेली. जीवनला ते पटलं, पण त्याचं म्हणणं, मग एकाच बाजूनं काढायचं ना, घागरीला काय तीन तोंडं आहेत?

तेवढ्यात कोपऱ्यावर हरिओमच्या मोटरसायकलचा आवाज आला. अनुपमा तिन्ही वस्तू आत ढकलायला धावली. अन्नपूर्णाबाईंनी मात्र पदर खोचला. एकदा कागद पाहिला, एकदा लोखंड. रुंद शिडी पुढे, अरुंद मागे, बिनपायाची चौकट वर. कारल्याच्या मांडवाची तार पडली होती, ती जीवनकडून चारी ठिकाणी आवळून घेतली, आणि रुक्मिणीबाई उंबऱ्यात पाय ठेवेपर्यंत दोन्ही घागरी भरून वर बसल्यासुद्धा. जागची हलेना घडवंची!

"हे कोनं केली वं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"सुनेनं. कागदावरच पुरी केली होती. आमी नुसती जोडली."

रुक्मिणीबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, मलाही एक करून दे म्हणाल्या. तीन दृश्यांवरून वस्तू ओळखा, या प्रश्नाला अनुपमाच्या वर्गातली निम्मी पोरं दरवर्षी नापास होतात.

चहा घेताना अन्नपूर्णाबाईंनी हळूच विचारलं, "काऊन वं, हे असं जोडाले तुह्या कॉलेजातल्या पोरायले किती वर्षं लागतात?"

अनुपमानं घडवंचीकडे पाहिलं. "एक, आत्याबाई. अधिक-उणे दोन."

"बरं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.