छताकडे पाहण्याची रीत

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम घरी न करता रामदासपेठेतल्या हॉटेलात करावा, असा ठराव नागपुरात कोणी मांडल्याचे आढळत नाही. अंमलबजावणी मात्र चोख आहे. त्यानुसार मनीषनगरचे भैयाजी आपल्या रितिकाला घेऊन तिथे गेले. समोर रजत आणि त्याची आई शोभाताई. मुलाला मुलगी पसंत पडली, मुलीला मुलगा बऱ्यापैकी पसंत पडला. आता फक्त बिल यायचे होते.

बिलासाठी रीतसर झटापट झाली. मुलीचा बाप जिंकतो असा नियम असल्याने भैयाजी जिंकले. मग वेटर मोहितने मशीन पुढे केले. पूर्वी बडीशेपेच्या बशीत चिल्लर राहू द्यायची आणि मागे न बघता निघायचे, एवढाच हा टिपेचा व्यवहार होता. आता पडद्यावर चार चौकोन होते: दहा टक्के, पंधरा टक्के, वीस टक्के आणि ‘आज इच्छा नाही’. मोहित छताकडे पाहू लागला. ग्राहकावर दबाव येऊ नये म्हणून वेटरांना तसे प्रशिक्षणच दिलेले होते.

“मर्जीचं आहे तं विचारता काहून?” शोभाताई म्हणाल्या.

“मर्जीचं आहे म्हणूनच विचारून राहिलो, काकू,” मोहितने छताला सांगितले. “सक्तीचं असतं तं बिलातच लावलं असतं.”

मॅनेजरने येऊन खुलासा केला की आग्रह मुळीच नाही. शेजारच्या टेबलाने वीस टक्के दिले, पण ते आपल्या हौसेने. शोभाताईंनी त्याला चांगलेच सुनावले. तोंडाने नाही म्हणायचे आणि हात पुढेच ठेवायचा, याला मागणे म्हणतात; समोरच्याची मर्जी तुम्हीच मोजून ठेवलीत तर ती मर्जी कसली? होणाऱ्या विहिणीचे हे विचार भैयाजींना फार पटले. त्यांनी ‘आज इच्छा नाही’ दाबले. मशीनने कारण विचारले: सेवा वाईट, जेवण वाईट, की माझा स्वभाव. मोहितच्या पगारावर येऊ नये म्हणून त्यांनी स्वभाव दाबला.

बडीशेप चावत शोभाताई मुद्द्यावर आल्या.

“आमची काही मागणी नाही, भैयाजी. पोरीले आपल्या हौसेनं जे द्यान ते द्या.”

मग केवळ माहिती म्हणून त्यांनी सांगितले, की थोरल्या सुनेच्या वडिलांनी कार दिली, जाऊबाईंच्या व्याह्यांनी कार आणि वीस तोळे, आणि नणंदेकडे तर फ्लॅटच आला. सगळे हौसेने. एवढे बोलून त्या छताकडे पाहू लागल्या. रजतही पाहू लागला.

कळमेश्वरचा प्लॉट विकला तर आपल्याला पहिला चौकोन झेपेल, असा भैयाजींचा अंदाज होता. ते तोंड उघडणार, तेवढ्यात रितिका बोलली.

“आज इच्छा नाही, काकू.”

शोभाताईंची नजर खाली आली. “काहून वं?”

“जेवण चांगलं होतं,” रितिका म्हणाली. “माझा स्वभाव.”

उठताना तिने बडीशेपेच्या बशीत एक नोट ठेवली आणि मागे न बघता निघाली. मोहितने सवयीने आधी छताकडे पाहिले, मग बशीकडे.

सोयरीक जमली नाही आणि नातेवाइकांत बरीच चर्चा झाली. मुलगी शिकली की हात आखडता घेते, असे ठरले.

पुढे भैयाजींच्या मुलासाठी, पियूषसाठी, मुलगी पाहायची वेळ आली, तेव्हा टेबल त्याच हॉटेलात घेतले. रितिकाला सोबत नेले नाही. बिलाची झटापट मुलीच्या वडिलांनी जिंकली. आमची काही मागणी नाही, असे भैयाजी म्हणाले आणि त्यांनी मान वर केली.

छत तसे साधेच आहे. तुम्ही पाहिले असेलच.