शिवलिंगप्पा जमादारांची चोरी

शिवलिंगप्पा जमादारांनी हात दिला नसता तर आज मी निर्ण्याच्या चौकीत गळ्यात शिट्टी घालून बसलो नसतो, हे आधी सांगून टाकतो. काय झालं ते मागून सांगेन. ऐकता ऐकता कोणी मध्येच उठून गेलं, तर निदान त्यांचं नाव तरी कानात घेऊन जाईल.

जमादार मादन हिप्परग्याचे. वय साठीच्या पुढं, मिशा पांढऱ्या, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि डोकं चोराचं! म्हणजे माणूस इतका सरळ, की दुसऱ्याच्या शेतातला हरभऱ्याचा घाटासुद्धा तोडणार नाही. पण जुन्या राज्यात सगळी उमर पोलिसात गेलेली. चोरांमागं पळून पळून त्यांना चोरासारखा विचार करायची खोडच लागली होती. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडं बघायचे, मग माळवदाकडं, आणि चहाचा कप हातात यायच्या आत म्हणायचे, "म्या चोर असतो तर हितनं उतरलो असतो."

एकदा एका लग्नात त्यांनी नवरीच्या बापाला बाजूला घेतलं. "दागिन्याची पेटी आतल्या खोलीत ठेवलाव. खोलीला मागनं खिडकी हाय. म्या चोर असतो तर अक्षता पडायच्या टायमाला नेलो असतो." बाप बिचारा अक्षता टाकायच्या सोडून त्या खोलीच्या दारात बसून राहिला. लेकीचं लग्न त्यानं नुसतं ऐकलं.

शेजारच्या गंगाक्का अंगणात शेंगा वाळत घालताना मुद्दाम ओरडायच्या, "अप्पा, शेंगा टाकायलेय! कवा चोरणार ते आत्ताच सांगा, म्हणजे मला आंघोळीला जाता येतंय."

"दुपारी," जमादार गंभीरपणे सांगायचे. "दुपारी तुमी घोरताव."

मी हुलसूरचा. वडील गेले तशी पाचवीतच शाळा सुटली. पुढं मिसरूड फुटल्यावर हिप्परग्याला एका तेलघाण्यावर कामाला आलो. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत मालक गाव सोडून गेला, घाणा बंद पडला. गावात माझं ना नात्याचं कोणी ना गोत्याचं. आईला सांगून आलो होतो की नीट जम बसल्याशिवाय परत येणार नाही, आणि आता परत जायची वेळ आली होती.

तेवढ्यात नव्या सरकारनं पोलिसांच्या मदतीला गावरक्षक घ्यायचं काढलं. पण काठी उचलली आणि झाला गावरक्षक, असं नव्हतं. आधी तालीम, मग बाहेरून साहेब येऊन परीक्षा घेणार. पास होईल त्याला दाखला, आणि दाखला असेल त्यालाच नेमणूक. कवायत, शिट्टीच्या खुणा, जखमेची पट्टी, रपट लिहिणं, हे सगळं होतंच. पण खरी मेख चोर पकडण्यात होती. त्याला न मारता धरायचं, पंचांसमोर झडती घ्यायची आणि साहेबांच्या हवाली करायचं. तिथं चुकला तो घरी गेला.

शिवाय परगावच्या माणसाच्या चालचलनाबद्दल गावातल्या कोणीतरी शब्द द्यायला लागे. माझ्यासाठी कोण देणार? जमादारच पुढं झाले. कारकुनाला म्हणाले, "लिव्हा. हे पोरगं चोर न्हाई. चोरी करायला जेवढी अक्कल लागतीया तेवढी ह्याच्याजवळ न्हाई. म्या बघून घेतलाव."

त्या मुलखात माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तालीम तेच द्यायचे आणि तालमीतला चोरही तेच व्हायचे. धोतर खोचून, उपरण्यानं तोंड बांधून, काखेत गंगाक्काचा भोपळा मारून असे सुटायचे की कुत्री मागं लागायची. आम्ही तालमीतली चार पोरं मात्र कच खायचो. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला हात लावायचा कसा?

"अरे, धर की! कामून थांबलास?"

"अप्पा, तुम्हाला दम लागला असंल म्हनून..."

"चोराच्या दमाची चौकशी करायलास व्हय रे? पानी पाजतूस का आता?"

शेवटी एकदाचं आम्ही त्यांना धरायचो आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडायचो. वडीलधाऱ्याच्या अंगावर हात टाकला की आमचा दुसरा हात आपोआप खाली जातो, त्याला काय करणार? जमादार पाय झटकून ओरडायचे, "पाया कुनाच्या पडायलास? चोर हाय म्या! साहेबासमोर असं केलास तर सरळ हुलसूरची वाट धरशील!"

परीक्षेचा दिवस आला. कवायत झाली, पट्टी झाली, रपटही कशीबशी लिहिली. मग साहेबांनी विचारलं, चोर कोण होणार? सगळ्या गावानं एका आवाजात जमादारांचं नाव घेतलं. साहेबांच्या मेजावरचं चष्म्याचं घर कमरेला खोचून जमादार पळाले आणि माझं नाव पुकारलं गेलं.

मी धावलो. चिंचेपाशी त्यांना गाठलं, मनगट धरलं, ना मारलं ना शिवी दिली. पंचांसमोर आणून उभं केलं. सगळं बरोबर. आता फक्त झडती. जमलं म्हणून जीव इतका हलका झाला, की मी वाकलो आणि दोन्ही हातांनी जमादारांच्या पायांना शिवलो.

साहेबांनी मान वर केली.

"क्या जी, तुम्हारे इधर चोर के पाँव पड़ते?"

मला उठताही येईना. हुलसूरचं आमचं दार दिसायला लागलं, दारात आई दिसायला लागली. इतक्यात माझ्या बोटांवर काहीतरी टपकन पडलं. चष्म्याचं घर! जमादारांनी कमरेचं धोतर सैल केलं होतं. वर तोंड करून ते विव्हळायला लागले, "मेलो की वो! पायात दडवलेलं पन हुडकला ह्यानं! खालनंच झडती सुरू केला, साहेब! म्या चोर असतो तर ह्याच्या गावाच्या शिवंत पाऊल टाकलो नसतो!"

साहेबांनी चष्म्याच्या घराकडं बघितलं. जमादारांच्या सुटलेल्या धोतराकडं बघितलं. मग टाक उचलून माझ्या नावापुढं खूण केली.

"जमादार," ते हसू दाबत म्हणाले, "तुम्हारा चोर बड़ा शरीफ है।"

सुटलो! मी मैदानाच्या कडेला जाऊन नुसता श्वास घेत बसलो.

संध्याकाळी बत्तासे घेऊन त्यांच्या घरी गेलो. आत कधी गेलो नव्हतो. चुलीपुढं एकच ताट, तव्यावर एकच भाकरी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढं सरकवला.

"नेमणूक कुठं?"

"निर्ण्याला."

"लांब हाय." मग बाकीच्या पोरांची गावं एकेक करून विचारली. सगळीच लांबची. गूळ फोडता फोडता म्हणाले, "ह्या घरात कुनी येत न्हाई रे. म्हनून म्या रोज पळायचो. चार पोरं माझ्या मागं हाका मारत यायची. उद्यापासनं कुनाच्या पुढं पळू?"

मी पुढ्यातली भाकरी सगळी खाल्ली.

निर्ण्याला माझं बरं चाललंय. पगार येतो, आई येत्या सुगीनंतर यायला तयार झालीय. दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय. त्यातली रस्त्याकडची, माणसांची येजा दिसणारी खोली जमादारांची. ते नको म्हणतील, मी गाडी घेऊनच जाणार आहे. त्यांनी मला दिलं ते फिटायचं नाही, पण त्यांच्या चुलीपुढं यापुढं एकच ताट मांडलं जाणार नाही, एवढं मी करीन.